फावे निवडून चालत नाहीत

अलिबागकडच्या घरात वाढलेल्या माणसाला बिरडं सोलायला शिकवावं लागत नाही. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, एकेक चिमटीत धरून दाबायचा, की डाळिंबी टुणकन बाहेर. रोममधल्या ज्या खानावळीत मी कामाला लागलो तिथे माझं पहिलं कौतुक झालं ते याच हातोटीवर. वसंतात इथे फावे येतात. वालाचे लठ्ठ चुलतभाऊ म्हणा. आधी शेंग सोलायची, दाणे उकळत्या पाण्यात मिनिटभर, मग गार पाण्यात, मग दाण्यावरचं दुसरं जाड सालही काढायचं. पाच किलो शेंगा सोलल्या की जेमतेम किलोभर हिरवेगार दाणे हाती लागतात. बाकीची पोरं वैतागायची. मला मात्र माजघरात आईशेजारी बसल्यासारखं वाटायचं.

तो दिवस 25 एप्रिल. फॅसिस्ट राजवट आणि जर्मन ताब्यातून 1945 साली सुटका झाली, त्याची इटलीभर सुट्टी असते. सगळं शहर जेवायला बाहेर पडतं. फळ्यावर आम्ही लिहिलं होतं : रिगातोनी, विन्यारोला आणि साल्सिच्चा. रिगातोनी म्हणजे जाड नळ्यांचा पास्ता.

विन्यारोला ही रोमकडची वसंतातली भाजी. फावे, मटार, आर्टिचोक, पातीचा कांदा आणि लेट्यूस, सगळं एकाच भांड्यात. हे सगळं एकाच वेळी कोवळं मिळतं ते जेमतेम काही आठवडे. लेट्यूस शिजवतात म्हटल्यावर आपल्याकडचे लोक नाक मुरडतात. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यात काय, पालेभाजीच ना ती?" मुद्दा संपला. आर्टिचोकचं मात्र कौतुक करू नका. बाहेरची राठ पानं काढून चिरेपर्यंत तो काळा पडतो आणि तुमची बोटंही. म्हणून शेजारी लिंबू पिळलेल्या पाण्याचं घमेलं लागतंच.

साल्सिच्चा म्हणजे ताजं, कच्चं डुकराचं सॉसेज. गोव्याच्या चोरीससारखं व्हिनेगर-मिरचीत मुरलेलं नव्हे. मीठ, मिरी, फार तर लसूण किंवा बडीशेप. वरचं आवरण चिरून काढायचं, आतलं मांस बोटांनी कुस्करून थेंबभरही तेल न घालता थंड तव्यात ठेवायचं आणि मग आच लावायची. चरबी आपोआप सुटते, त्याच चरबीत ते खरपूस होतं. इथे उलथनं चालवायची घाई करणारा फसतो. तळाला तांबूस खरपुडी धरली की पांढरी वाइन, मग भाजी. पास्ता दोन मिनिटं आधीच काढायचा, त्याच्या पिठाळ पाण्याच्या पळीसकट तव्यात घ्यायचा आणि आच बंद करून पेकोरिनो चीज. क्रीम घातलंत तर आमची शेफ तुम्हाला बाहेर काढेल. बाई सत्तरीच्या आहेत, पण काढतील.

दीडच्या सुमाराला चिठ्ठी आली. चार रिगातोनी, एका प्लेटवर शेरा : लहान मुलगा, फावे नकोत. मला वाटलं, पोराला आवडत नसतील. आमच्याकडेही वाल न खाणारी पोरं असतातच. भाजी सकाळीच शिजवून ठेवलेली होती. मी तव्यातून चमच्याने एकेक फावा वेचला, सतरा-अठरा निघाले, वरून चीज भुरभुरलं आणि प्लेट पुढे सरकवली.

शेफने ती हाताने अडवली. "हे काय, निवडलेस?"

"हो. एकही राहिला नाही."

त्यांनी प्लेट सरळ कचऱ्यात ओतली. ओरडल्या नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. "त्याला फाविझ्मो आहे. नाव ऐकलंयस?"

नव्हतं ऐकलं. काही लोकांच्या रक्तपेशींत जी6पीडी नावाचं एक विकर कमी असतं. त्यांनी फावे खाल्ले की तांबड्या पेशी फुटायला लागतात. दिवस-दोन दिवसांत डोळे पिवळे, लघवी काळसर, आणि माणूस थेट दवाखान्यात. ही अ‍ॅलर्जी नव्हे. म्हणून मेनूखाली युरोपीय नियमाप्रमाणे 14 पदार्थांची यादी असते तीत शेंगदाणे, तीळ, मोहरी, ल्युपिन नावाचं कडधान्यसुद्धा आहेत, फावे नाहीत. बाजारात भाजीच्या दुकानांवर "इथे ताजे फावे विकले जातात" अशी पाटी मी रोज बघत होतो. मला ती जाहिरात वाटायची. ती सावधगिरीची सूचना होती.

"नवा तवा घे," शेफ म्हणाल्या. मी घेतला. पास्ता सोडायला पातेल्याकडे वळलो आणि तिथेच हात थांबला. सकाळी फावे मी याच पाण्यात जाळी सोडून उकळले होते. वेगळं पाणी कशाला, म्हणून. दिवसभर त्यातच भर घालत होतो.

"शेफ, पाणी..."

"तेच बघत होते, तुला आठवतंय का."

नवं पातेलं, नवं पाणी, नवी सुरी, चिरायची नवी फळी. बाहेर आठ टेबलं खोळंबलेली आणि मी एका पोरासाठी पाण्याला उकळी यायची वाट बघत उभा. ती नऊ मिनिटं मला अजून आठवतात. दुसऱ्या पदार्थासाठी आणलेला अ‍ॅस्परॅगस होता, तो तिरका कापला, पातीचा कांदा घेतला, नवं साल्सिच्चा कुस्करलं. मटारही बाजूला ठेवले. ते सोलले होते फाव्यांच्याच परातीत.

प्लेट मी स्वतः घेऊन गेलो आणि उशिराबद्दल माफी मागितली. मुलाची आई म्हणाली, "घाई नाही." आजोबा सार्डिनियाचे. त्यांनाही हेच, मुलीमार्फत नातवाकडे आलेलं. त्यांच्या बेटावर हे घरोघरी आढळतं, कारण तिथे पूर्वी मलेरिया फार होता आणि हा दोष असलेल्यांना त्याचा तडाखा कमी बसायचा. मलेरिया 1950च्या सुमाराला गेला, हे राहिलं. म्हातारबुवा आपल्याकडे गावचं देवस्थान सांगावं तसं सांगत होते.

संध्याकाळच्या पाळीआधी मी फळ्यावर पदार्थाखाली मोठ्या अक्षरांत "ताजे फावे आहेत" लिहिलं. शेफ वाचून काही बोलल्या नाहीत, खडू मात्र घेतला आणि "आहेत"खाली रेघ ओढली.

पोराची प्लेट तोवर धुवायला आली होती. साल्सिच्चाचा कणही शिल्लक नव्हता. कडेला अ‍ॅस्परॅगसचे सगळे तुकडे ओळीने मांडून ठेवले होते.