आमची वाटचाल : अर्धी पथारी

हिवाळ्यात नंदुरबारच्या बाहेर पडलं की रस्त्याकडेला लाल माळ दिसतात. त्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या. त्यातली एक आमची.

इथे बाजार समितीत ओल्या मिरचीचा लिलाव होतो. शेतकरी मिरची तोडून थेट आणतो, वाळवायची जोखीम विकत घेणाऱ्याची. साधारण चार किलो ओली मिरची वाळली की किलोभर हाती लागते. म्हणजे तीन भाग पाणी पैसे मोजून घ्यायचं, ते उन्हाला देऊन टाकायचं आणि उरलेल्या एका भागावर घर चालवायचं. असा धंदा करणाऱ्यानं उद्याची खात्री मागूच नये, असं आप्पा म्हणायचे. मी मात्र बरीच वर्षं मागत राहिलो.

आप्पांनी १९९४ साली एक डंख, म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र, टाकला. उन्हाळ्यात बायका घरची मिरची, धने, खोबरं घेऊन यायच्या. आप्पा कांडून द्यायचे आणि किलोमागे मजुरी घ्यायचे. पुढे आईच्या हातचा काळा मसाला पुड्यांत भरून विकायला लागलो. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, दगडफूल, धने, आणखी दहाबारा जिन्नस. प्रमाण कागदावर आणायला मला दोन वर्षं लागली, कारण आईचं माप ‘मूठ’ आणि तिची मूठ माझ्या मुठीपेक्षा बरीच लहान!

धंदा खरा वाढला तो सुरत-धुळे महामार्गावरच्या ढाब्यांमुळे. चिकनचा मसाला त्यांना पोत्यानं लागायचा, आणि आम्ही घरगुती पुड्यांकडे जरा दुर्लक्षच केलं. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच. तिथल्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. लोकांनी चिकन सोडलं, ढाबे ओस पडले. आमच्याकडे दळलेला मसाला थप्पीला लागून होता आणि ढाबेवाले जुनी उधारीही देईनात. कोंबडी आजारी पडली तर मिरचीवाला का मरतो, हे तेव्हा बँकेतल्या साहेबांना समजावून सांगणं कठीण गेलं.

आप्पांनी एक गोष्ट केली. ढाब्यांवर जाऊन बसले आणि काय विकलं जातंय ते पाहिलं. विकली जात होती शेवभाजी. तिला चिकनचा मसाला जड होतो, लवंग-दालचिनी वर येते. आईनं गरम मसाला कमी केला, खोबरं वाढवलं, आणि पंधरा दिवसांत शेवभाजीचा मसाला तयार झाला. आज आमच्या विक्रीत तोच पुढे आहे. २०२१च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हा ढाब्यांच्या ऑर्डरी थोड्या हलल्या, एवढंच.

नोटबंदी २०१६च्या नोव्हेंबरात, ऐन आवकेच्या दिवसांत आली. मजुरी रोखीची, हातात रोकड नाही. किराणा दुकानदाराच्या वहीवर मजुरांची खाती काढून वेळ मारून नेली. २०२०चा लॉकडाऊन मार्चअखेरीस लागला, म्हणजे वर्षाच्या साठवणीचं तिखट करायच्या दिवसांत. डंखावर गर्दी नको म्हणून आम्ही फोनवर नावं लिहून घ्यायचो. पोलिसांकडून पास काढला आणि पुड्या वेशीपर्यंत पोचवल्या, कारण गावांनी रस्ते काट्या टाकून बंद केले होते. ढाबे बंद होते. तेव्हा घरगुती पुडीनं तारलं, जिच्याकडे आम्ही एके काळी पाठ फिरवली होती.

पण मी खरा खचलो तो २०२३च्या नोव्हेंबरअखेर. अवकाळी पाऊस रात्री आला. पथारीवर सव्वाशे क्विंटल ओली मिरची होती, काही अर्धवट वाळलेली. ताडपत्र्या होत्या, पण वाऱ्यानं उडाल्या. आणि खालून वाहणाऱ्या पाण्याला ताडपत्री काय करणार? सकाळी मी पथारीवर गेलोच नाही. मजुरांनाही बोलावलं नव्हतं. साडेसातला जिजींचा फोन आला. त्या आमच्या देठ खुडणाऱ्या बायांच्या गटात सगळ्यात मोठ्या. म्हणाल्या, “भाऊ, आभायले टाका कोन मारी? तू ये.” म्हणजे, आभाळाला टाका कोण घालणार?

गेलो तर अठरा बाया मिरची वेचत होत्या. काळी पडलेली एका बाजूला, वाचेलशी वाटणारी दुसऱ्या बाजूला. जिजींना कुणी आशावादी वगैरे म्हटलेलं मला पटत नाही. देठ खुडायची मजुरी किलोवर मिळते. मिरची सडली असती तर त्यांचाही हंगाम गेला असता. त्या हिशेबानं आल्या होत्या, आणि तो हिशेब मला त्या सकाळी जमत नव्हता. निम्म्याहून थोडा कमी माल वाचला.

वाचलेल्यातली बरीचशी फटकी, म्हणजे रंग उडालेली, निघाली. फटकी दळून त्यात रंग टाका, कुणाला कळतंय, असा सल्ला देणारेही भेटले. नाही केलं. फार मोठी तत्त्वनिष्ठा होती असं नाही. आमच्या गिऱ्हाईक बायका भाजीची तर्री बघून ओळखतात.

त्यानंतर एक नियम केला : सगळा माल एका वेळी जमिनीवर नको. ऊन चांगलं असलं तरी अर्धी पथारी मोकळी राहते. वाळलेला थोडा माल शीतगृहात जातो, तिथे रंग टिकतो. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेतून ड्रायर घेतला. आम्ही घेतला तेव्हा कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान होतं, जास्तीत जास्त १० लाख. एका बँकेनं चार वेळा कागद परत केले, दुसरीनं घेतले. ड्रायरमध्ये एका खेपेला माल थोडाच मावतो आणि विजेचं बिल झोंबतं. उन्हाची जागा तो घेऊ शकत नाही. पावसाच्या चार दिवसांत अर्धवट वाळलेला माल कुजू देत नाही, तेवढ्यासाठीच तो आहे.

यंदा लिलावात आवक चांगली आहे. परवा दुपारी सातपुड्याकडे ढग दिसले, मोबाइल मात्र कोरडं हवामान सांगत होता. जिजींनी माझ्याकडे पाहिलं, मी ढगांकडे. मग त्यांनी काही न विचारता अलीकडची चार पोती सोडायला सांगितली आणि पलीकडची तशीच बांधून ठेवली.