तुम्ही विचारलंत म्हणून: बोका की भाटी?

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या उंबऱ्यावर बसलेली दोन मांजरे पाहिली, की येणारा प्रत्येक जण विचारतो, "माया कोण जास्त लावतं हो, बोका की भाटी?" माझे उत्तर असे आहे की, नसबंदी केलेली नसेल तर दोघांत फरक मोठा असतो, केलेली असेल तर तो बराच कमी होतो, आणि पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसांच्या हातात किती वाढले, याला मी या दोन्हींपेक्षा अधिक महत्त्व देतो.

आमचा गुळ्या, नावाप्रमाणेच गुळाच्या रंगाचा बोका, दहा महिन्यांचा असताना चार-चार रात्री घरी येत नसे, आला तर कान फाटलेला असे, आणि दाराजवळच्या चपलांवर त्याने मारलेल्या मुताच्या फवाऱ्याचा उग्र वास दिवसभर जात नसे. लोक म्हणत, बोका कधी घराचा होत नाही. पण तो त्याचा स्वभाव नव्हता. अनेक माद्यांपर्यंत पोहोचण्यासाठी नराला मोठा मुलूख फिरावा लागतो आणि शरीरातले नर-संप्रेरक त्याला बाहेर ओढत असते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच भटकणे आणि फवारे दोन्ही थांबले. दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांचे फवारे असे थांबतात किंवा खूप कमी होतात. आता गाडीचा आवाज आला की तो फाटकापाशी येतो, डोक्याने नडगीला ढुशी देतो आणि गाल घासतो. गालातल्या ग्रंथींचा वास लावून तो मला आपल्यातला ठरवतो, हे कळल्यापासून मी घाईत असलो तरी तिथे क्षणभर थांबतो.

कबरीची गोष्ट वेगळी आहे. माजावर आलेली भाटी लोळते, अंग घासते, रात्रभर ओरडते, आणि पुष्कळ जण त्यालाच लाडीगोडी समजतात. तिची शस्त्रक्रिया झाल्यावर ते सारे संपले आणि तिचा खरा स्वभाव दिसू लागला. पाहुणे आले की गुळ्या त्यांच्या मांडीवर चढतो आणि कबरी कपाटावर जाते. ते गेल्यावर खाली उतरून त्यांची बसलेली जागा हुंगते, मग माझ्यापासून हातभर अंतरावर बसून सावकाश डोळे मिटते आणि उघडते. मांजराच्या भाषेत तो विश्वास आहे, आणि माझ्या लेखी तो ढुशीपेक्षा तसूभरही कमी नाही.

यावरून बोका मायाळू आणि भाटी तुटक, असे मात्र कृपया ठरवू नका. गुळ्या तीन आठवड्यांचा असल्यापासून शेजारच्या मुलांच्या ओंजळीत खेळला, तर कबरी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून आली तेव्हा तीन महिन्यांची होती आणि तोवर तिला कोणी हात लावला नव्हता. शिवाय धीट बापाची पिल्ले, बापाला कधी न पाहताही, धीट निघतात. पिवळी मांजरे फार प्रेमळ असतात असेही ऐकू येते. पण पिवळ्या रंगाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे पिवळ्या मांजरांत नरच अधिक असतात, म्हणून ती कीर्ती रंगाची की बोक्यांची, हे सांगणे कठीण आहे.

तेव्हा पिल्लू निवडताना शेपटीखाली पाहण्याआधी अर्धा तास जमिनीवर शांत बसा, आणि कोणते आपणहून तुमचे बोट हुंगायला येते ते पाहा. पाच-सहा महिन्यांचे होताच त्याला शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्यांकडे न्या, मग तो बोका असो वा भाटी.