मोडेम अपडेट: सतरावं पॅकेट आणि एकोणिसावं

डायल-अप मोडेमची लिंक अखेर टिकली! सॉफ्टमोडेम कार्ड (ज्याचं बरंच काम संगणकच करतो) काढून सिरीयलवाला मोडेम लावल्यापासून रडगाणं एकच होतं: मिनीकॉममधून (मोडेमशी थेट बोलायचा टर्मिनल प्रोग्राम) सगळं झकास, पण पीपीपीडी (फोन लाइनवर पीपीपी नेटवर्क लिंक चालवणारा प्रोग्राम) लावलं की एलसीपी (लिंकच्या अटी ठरवणारी बोलणी) जुळतं, आयपी मिळतो, आणि मग ढिम्म. लॉगमध्ये 'नो रिस्पॉन्स टू ४ एको-रिक्वेस्ट्स' (लिंक जिवंत आहे का, या चार विचारणांना उत्तर नाही) आणि फोन कट. मोडेममॅनेजर (स्वतःहून मोडेम शोधणारी लिनक्सची सेवा) आधीच बंद होता, त्यामुळे पोर्टात दुसरं कुणी बोटं घालतंय हा संशय बाद. केबल बदलली, पोर्टचा वेग ११५२०० वरून ३८४०० वर आणला. फरक शून्य.

वाट दाखवली पिंगने, म्हणजे पॅकेट पाठवून उत्तर येतंय का बघणाऱ्या कमांडने. साधं पिंग एकदाही परत येईना. पण -एस ८ देऊन पॅकेट छोटं केलं, -पी ४१ ने आत नुसते 'ए' भरले, तर उत्तरं धडाधड. सोळापर्यंत. सतरावं गायब, अठरावं हजर, एकोणिसाव्यापासून सगळं ठप्प. परत डायल केलं, परत तेच. प्रत्येक पॅकेटात त्याचा क्रमांक असतो: सतरा म्हणजे हेक्स ११, एकोणीस म्हणजे हेक्स १३. एक्सऑन ('पाठव') आणि एक्सऑफ ('थांब') हे बाइट! साधं पिंग का मरत होतं तेही कळलं: त्याच्या भरणात हेक्स १० ते ३७ हे बाइट ओळीने असतात, म्हणजे दोन्ही चोर आतच.

एटी&व्ही (मोडेमची सेटिंग दाखवणारी कमांड) मारलं तर &के४. आधीच्या मालकाने साठवलेलं प्रोफाइल एटीझेड (रीसेट कमांड) इमानेइतबारे उचलत होतं. म्हणजे मोडेम सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोलवर ('थांब-पाठव' हे डेटातल्या बाइटांनी), पीपीपीडी सीआरटीएससीटीएसवर (तेच वेगळ्या तारांनी). डेटातला हेक्स १३ मोडेमला 'थांब' वाटायचा आणि तो माझ्याकडे काही पाठवणंच बंद करायचा. मग एलसीपी कसं जुळायचं? बोलणी चालू असताना पीपीपी सगळी कंट्रोल कॅरेक्टर एस्केप करून (दुसऱ्या रूपात बदलून) पाठवतं. एकदा जुळलं की असिंकमॅप (कोणती कॅरेक्टर एस्केप करायची त्याची यादी) शून्य, आणि बाइट उघड्यावर.

खात्रीसाठी आधी पीपीपीडीला 'एस्केप ११,१३' दिलं. लिंक चालली. मग ते काढून चॅट स्क्रिप्टमध्ये (मोडेमला द्यायच्या कमांडची यादी) एटीझेडच्या जागी एटी&एफ&के३ घातलं (फॅक्टरी सेटिंग, वर तारांचं फ्लो कंट्रोल). एक्स३ (डायलटोनची वाट न बघता डायल करणं) ठेवलंय, कारण एटीएचा (इंटरनेटवरून फोन जोडणारा डबा) डायलटोन या मोडेमला ओळखू येत नाही. कनेक्ट ३१२०० (बिट दर सेकंदाला)! दोन्ही टोकं ॲनालॉग म्हटल्यावर व्ही.३४ या मोडेम मानकाच्या ३३६०० पुढे जाणं नाहीच, तेव्हा मी खूश.

डब्ल्यूव्हीडायलच्या (आपोआप डायल करणारा प्रोग्राम) नादी लागू नका, असं माझं स्पष्ट मत. हाताने लिहिलेल्या चॅट स्क्रिप्टमध्ये मोडेमला कधी काय सांगितलं ते डोळ्यांसमोर राहतं. आणि यूएसबी-सिरीयल अडॅप्टर घेताना आरटीएस-सीटीएसच्या तारा खरोखर जोडल्यात का ते बघा; तीन तारांच्या स्वस्त अडॅप्टरवर &के३ चा काही उपयोग नाही.

पुढचा नंबर एमगेटी या प्रोग्रामवर फॅक्स घेण्याचा होता. पण लिहिता लिहिता सुचलं: एटी\एन० देऊन व्ही.४२ (मोडेमची चूक-दुरुस्ती) बंद केलं, तर एटीएच्या जिटरने (पॅकेट मागेपुढे येण्याने) किती फ्रेम खराब होतात ते आयएफकॉन्फिगच्या आरएक्स एररच्या आकड्यात थेट दिसेल. फॅक्सला त्याचाच त्रास होणार आहे. आधी तेच करतो.