आमची वाटचाल: आधी करून बघा, मग राजीनामा

आमच्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "हे काम आता नको एवढं नक्की आहे, पण मग काय, ते काही सुचत नाही." कोणी तिशीतलं असतं, कोणी पन्नाशी ओलांडलेलं, पण वाक्य तेच. आमची छोटीशी फर्म याच 'मग काय' वर काम करते, म्हणजे करिअर बदलू बघणाऱ्यांना मार्गदर्शन करते. आम्ही जॉब लावून देत नाही, हे आधीच सांगून टाकते कारण त्यासाठी फोन खूप येतात.

सुरुवात माझ्या आधीच्या नोकरीतून झाली. मी एका मोठ्या कंपनीत एचआरला होते आणि माझ्या टेबलावर नोकरी सोडणाऱ्यांची कामं यायची, म्हणजे राजीनामा मिळाल्याचं पत्र, लॅपटॉप जमा, आयकार्ड जमा, फुल अँड फायनलचा हिशोब. फॉर्मवर 'सोडण्याचं कारण' असा एक रकाना असायचा आणि त्यात जवळपास सगळेच 'बेटर अपॉर्च्युनिटी' लिहायचे. पण आयकार्ड टेबलावर ठेवलं तरी माणूस उठायचा नाही, बसून राहायचा, आणि मग खरं बोलायचा, की मॅडम तिकडे पण हेच काम आहे, पगार थोडा वाढलाय इतकंच, मला खरं तर हे कामच नकोय पण दुसरं येतंय काय मला. हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात भुंगा शिरला. लोकं कंपन्या बदलत होती, काम तेच राहत होतं आणि वर्षा-दोन वर्षांत परत तोच वैताग.

फर्ममधली माझी पार्टनर तेव्हा कॉलेजमध्ये फिजिक्स शिकवायची आणि एकीकडे समुपदेशनाचा कोर्स करत होती. दोघींनी नोकऱ्या चालू ठेवून सुट्टीच्या दिवशी लोकांसोबत बसायला सुरुवात केली. हे मुद्दाम सांगतेय, कारण आज आम्ही क्लायंटला जे करायला लावतो ते आधी आमच्या दोघींवर झालंय. मला वाटायचं की मला लोकांचे रिझ्युमे नीट करून द्यायला आवडेल. प्रत्यक्ष करायला लागल्यावर दिसलं की रिझ्युमेच्या कामात मला तासाभरात कंटाळा येतो, पण समोरच्याला प्रश्न विचारत बसले की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही. नुसता विचार करून हे मला कधीच समजलं नसतं.

फर्म रजिस्टर झाली तेव्हा आमचा भर कल ओळखणाऱ्या टेस्टवर होता. या क्षेत्रात टेस्टची परंपरा मोठी आहे. फ्रँक पार्सन्स नावाच्या माणसाने 1908 मध्ये बोस्टनला व्होकेशन ब्युरो सुरू केला, करिअर मार्गदर्शन म्हणून आज जे काही चालतं त्याचं मूळ तिथलं मानतात. त्याचं म्हणणं सरळ होतं, आधी स्वतःला नीट ओळखा, मग कामांची माहिती घ्या आणि मग दोन्हीची सांगड घाला. (पार्सन्सने स्वतः इंजिनिअर, शिक्षक आणि वकील अशी कामं केली होती, मला ही गोष्ट फार आवडते.) पुढे 1959 मध्ये जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञाने आवडीनिवडींचे सहा प्रकार मांडले, हाताने काम करणारे, शोधक, कलेकडे ओढा असलेले, माणसांत रमणारे, पुढाकार घेऊन लोकांना राजी करणारे आणि व्यवस्थित नोंदी-हिशोब ठेवणारे. यावर बनलेली टेस्ट आजही आम्ही घेतो. अमेरिकन सरकारच्या लेबर खात्याची ओनेट (O*NET) नावाची साइट आहे, तिथे 60 प्रश्नांची अशी टेस्ट फुकट आहे आणि 900 पेक्षा जास्त व्यवसायांची माहिती आहे, रोज काय करावं लागतं, कुठली कौशल्यं लागतात वगैरे. आमच्याकडे यायच्या आधी कोणीही घरी बसून ती करू शकतं आणि करावीच असं मी सांगेन.

पण टेस्टचा रिझल्ट हातात आला तरी लोकं अडकलेलीच राहायची. समजा 'माणसांत रमणारे' हा स्कोअर वर आला, तर त्यात शिक्षक आला, नर्स आली, फिजिओथेरपिस्ट आला, कंपनीतला ट्रेनर आला, आणि या चौघांचा दिवस एकमेकांशी जुळत नाही. टेस्ट दिशा सांगते, दिवस कसा जाईल ते सांगत नाही. आणि नोकरी म्हणजे शेवटी रोजचा दिवसच ना.

म्हणून पार्टनरने एक प्रश्न सुरू केला जो आता आमची ओळखच झालाय, "त्या नव्या करिअरमध्ये मंगळवारी सकाळी 11 वाजता तुम्ही नेमकं काय करत असाल?" बहुतेक जण इथेच थांबतात. डेटा अ‍ॅनालिस्ट व्हायचंय म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर ग्राफ असतात, मीटिंगमध्ये आपण काहीतरी भारी शोधून दाखवतोय असं चित्र असतं. मग आम्ही एक बिघडलेली एक्सेल शीट देतो. त्यात तारखा तीन पद्धतीने लिहिलेल्या, एकाच ग्राहकाचं नाव कुठे पूर्ण कुठे आडनावाशिवाय, मधेच रिकामे रकाने, कुठे आकड्यांच्या जागी 'माहीत नाही' असं टाइप केलेलं. सांगतो, हे साफ करा आणि मग यातून एक प्रश्न सोडवून आणा, कारण त्या कामात बराच वेळ या साफसफाईतच जातो. काही जण दुसऱ्या दिवशी फोन करून सांगतात की हे माझं काम नाही. आणि एक ताई होत्या, आधी रिसेप्शनला काम केलेल्या, त्या शीट साफ करून आल्या, वर वेगळ्या पानावर लिहून आणलं की कुठल्या प्रकारच्या चुका कुठून आल्या असतील. नोंद करणारी माणसं दोन वेगवेगळी असणार असं त्यांनी तारखांवरून ओळखलं होतं. त्यांना मोटिव्हेशन द्यायची गरजच पडली नाही, पुढचा कोर्स कुठला करू हे त्याच विचारायला लागल्या.

मोटिव्हेशनबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय कारण लोकं तेच मागायला येतात. जोश चढवणारी भाषणं ऐकून येतात, दोन दिवस टिकतं मग पुन्हा जैसे थे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षं यावर काम केलं आणि त्यांच्या सिद्धांतात तीन गरजा मुख्य आहेत, निर्णय माझा आहे असं वाटणं, हे मला जमतंय असं दिसणं, आणि आपल्याला आपलं म्हणणारी माणसं असणं. आमच्या समोर बसलेल्या माणसाकडे बघितलं की यातलं नेमकं काय सुटलंय ते बऱ्याचदा कळतं. कोणी घरच्यांच्या आग्रहाने बदल करत असतं. कोणी एकट्याने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत शिकत असतं आणि महिन्याभरात गळून जातं. तिथे माझा उपाय ठरलेला आहे, कोर्स बाजूला ठेवा, एक छोटं काम पूर्ण करा आणि ते कोणालातरी दाखवा. एवढ्या एका गोष्टीत जमल्याचा अनुभवही येतो आणि माणूसही भेटतो.

एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये बरीच वर्षं काढलेला माणूस, शिक्षक व्हायचं ठरवूनच आला होता, बीएडची चौकशी पण झाली होती, राजीनाम्याचा ड्राफ्ट मोबाइलमध्ये तयार. आम्ही म्हटलं थांबा दादा, आधी आठवड्यातून एकदा मुलांना फुकट शिकवायला लागा. त्याने केलं, आणि आमच्या सांगण्यावरून रोज एक वही भरली, आज कुठल्या वेळी घड्याळ बघितलं आणि कुठल्या वेळी विसरलो. वहीत स्पष्ट दिसत होतं की वर्गात तो सारखा घड्याळ बघतोय, मुलांचा गोंधळ आवरण्यातच त्याची शक्ती संपतेय, पण आदल्या रात्री धडा तयार करताना, अपूर्णांक समजवायला चित्रं काढताना, प्रश्नांचा क्रम लावताना वेळेचं भान राहत नाही. त्याने वही आमच्यासमोर ठेवली आणि स्वतःच म्हणाला, मला शिकवायचं नाहीये, मला शिकवायचं साहित्य बनवायचंय. आज तो ऑनलाइन कोर्सेस डिझाइन करतो, आणि कुठे चूक राहू शकते हे शोधायची टेस्टिंगची सवय तिथे रोज कामाला येते. करिअर बदललेल्यांचा अभ्यास करणाऱ्या हर्मिनिया इबारा यांनी 2003 मध्ये हेच मांडलंय की माणूस आधी छोटे प्रयोग करतो आणि त्यातून त्याला स्वतःबद्दल कळत जातं, उलट्या क्रमाने फार कमी वेळा होतं.

दुसरी मोठी अडचण म्हणजे 'इतकी वर्षं घातली त्याचं काय'. डिग्री, अनुभव, सिनिऑरिटी, सगळं पाण्यात जाणार असं वाटतं. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा 1985 चा एक प्रयोग मी प्रत्येकाला सांगते. ओहायो युनिव्हर्सिटीच्या थिएटरची सीझन तिकिटं काही लोकांना पूर्ण किमतीत दिली आणि काहींना अचानक सवलत दिली. सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, फरक फक्त आधी किती पैसे गेले त्याचा. आपण नोकरीत असंच बसून राहतो, पुढे काय मिळणार ते न बघता मागे काय घातलं ते मोजत. हे ऐकल्यावर लोकं गप्प होतात आणि मग खरा हिशोब सुरू होतो, जुन्यातलं काय काय सोबत येईल त्याचा. घरी मोठी माणसं म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नको, ते काळजीपोटी म्हणतात आणि त्यात तथ्य आहे, म्हणूनच तर हातचं सोडायच्या आधी करून बघायचं. किती महिने पगाराशिवाय घर चालेल हा आकडा कागदावर आल्याशिवाय आम्ही राजीनाम्याचा विषयच काढू देत नाही.

ओळखींबद्दल थोडक्यात. लोकं म्हणतात त्या क्षेत्रात माझं कोणी नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, त्यात ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटत होते आणि जवळपास 28 टक्के तर वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. त्यामुळे जुन्या बॅचमेटला, दोन नोकऱ्यांपूर्वीच्या सहकाऱ्याला मेसेज करायचा, जॉब मागायचा नाही, वीस मिनिटं मागायची आणि त्यांच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कुठला ते विचारायचं. या प्रश्नाला लोकं भरभरून उत्तर देतात, हे मी अनेकदा बघितलंय.

आणि काही जणांना आम्ही सांगतो की आहे तिथेच राहा. यावर धंदा कसा चालणार असं आम्हाला विचारतात, पण वही भरल्यावर कधीकधी दिसतं की काम आवडतंय, एक बॉस किंवा एक रिपोर्ट नकोय. मग कामाचाच आकार थोडा बदलून घेता येतो, रझेस्निएव्स्की आणि डटन या संशोधकांनी 2001 मध्ये यालाच जॉब क्राफ्टिंग असं नाव दिलं. अशी माणसं पुढे इतरांना आमच्याकडे पाठवतात, आमची निम्म्याहून अधिक वाढ अशीच झाली, जाहिरातीवर आम्ही फारसा खर्च केलेला नाही.

आता टीम थोडी वाढलीये आणि टीममधले सगळे स्वतः करिअर बदलून आलेले आहेत, हे आम्ही ठरवून केलं. सध्या नवीन काय चाललंय तर आमच्याकडून बदल करून गेलेले लोक नव्या माणसाला एक अख्खा दिवस आपल्यासोबत बसवून घेतात, काम बघू देतात, जमलं तर थोडं करूही देतात. यासाठी अजून माणसं हवी आहेत, खास करून नर्सिंग, सुतारकाम, अकाउंट्स आणि अनुवाद या कामांत असलेली.

ज्यांना भेटायचंय त्यांनी येताना रिझ्युमे आणू नका. मागच्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर आणा आणि त्यात ज्या कामांच्या वेळी घड्याळ बघितलं नव्हतं तिथे पेनाने खूण करून आणा. एकही खूण नसली तरी चालेल, मग आपण ऑफिसबाहेरच्या वेळापासून सुरू करू.