तलाठी घरी जाते, चेअरमन खुर्चीतच राहते

तलाठी लाच घेताना सापडला अन ४८ तासाच्या वर कोठडीत राहिला की तो निलंबित झाल्यातच जमा, कोणी वेगळं डोकं लावायची गरज नाही, सरकारी नोकराला नियमच तसा आहे. खटला चालेल, सुटेल का अडकेल ते पुढचं पुढं, पण तोवर सातबाऱ्यावर त्याचा हात नाही. आता हेच एखाद्या बँकेच्या नाहीतर पतसंस्थेच्या चेअरमनला लावून पहा. ठेवीदारांच्या पैशाची अफरातफर केली म्हणून गुन्हा दाखल, जामीन झाला, घरी आला, चौकात फटाके फुटले, अन पुढच्या आठवड्यात कर्जमंजुरीच्या मीटिंगला साहेब हजर. पानठेल्यावर हा विषय काढला की उत्तर ठरलेलं असते, "केस तं मोठ्या माणसावरच रायते भाऊ, तुह्यावर कोण करते?"

आपल्या विदर्भात याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँक. २००१-०२ मधे बँकेनं खाजगी दलालांमार्फत सरकारी रोखे घेतले, म्हणजे पैसे दिले, रोखे काही आलेच नाहीत. दीडशे कोटीच्या आसपासचा मामला. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार. निकाल लागला डिसेंबर २०२३ ला, पाच वर्षांची सक्तमजुरी अन साडेबारा लाख दंड, बाकी पाच जणही दोषी. शिक्षेविरुद्ध अपील गेलं, हायकोर्टातून जामीन मिळाला, तो त्यांचा हक्कच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं मधल्या एकवीस वर्षांबद्दल आहे. त्या काळात ते आमदार होत राहिले, २०१९ ला मंत्रीही झाले, अन इकडं ज्या शेतकऱ्याचे कापसाचे पैसे त्या बँकेत होते त्याला पोरीच्या लग्नाला स्वतःचेच पैसे काढायला चकरा माराव्या लागल्या. "दोषी ठरेपर्यंत निर्दोष" हे कोर्टात एकदम बरोबर आहे, तुरुंगात टाकायचं तर तसंच पाहिजे, पण दुसऱ्याच्या तिजोरीची चावी सांभाळणं हा काय जन्मसिद्ध हक्क आहे का?

अन कायद्यातली गंमत पहा. आमदार-खासदाराला दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानंतर पद तिथल्या तिथं जाते, अपील करतो म्हणून वाचत नाही, केदारांची आमदारकी निकालानंतर लगेच गेली ती अशीच. पण कंपनीचा डायरेक्टर असेल तर? २०१३ च्या कंपनी कायद्यात सहा महिने किंवा जास्त शिक्षा झाली तर तो अपात्र, शिक्षा भोगून झाल्यावरही पाच वर्षं, अन सात वर्षं किंवा वर शिक्षा असेल तर कायमचा. वाचायला लय भारी वाटते. मग २०१७ ला दुरुस्ती आली की शिक्षा झाल्यापासून ३० दिवस पद जात नाही, अन त्या ३० दिवसात अपील टाकलं तर अपिलाचा निकाल लागून वर सात दिवस होईपर्यंत खुर्ची शाबूत. आपल्याकडं अपील किती वर्षं चालते हे बांधाची केस लढलेल्या कोणालाही विचारा.

रिझर्व्ह बँकेजवळ हत्यार नाही असं नाही. कमर्शियल बँकांसाठी १९४९ च्या बँकिंग कायद्यात कलम ३६एए आहे, त्यात अध्यक्ष, डायरेक्टर, अधिकारी कोणालाही ती काढू शकते, पाच वर्षांपर्यंत बंदी घालू शकते, अन उशीर केला तर ठेवीदाराचं नुकसान होईल असं वाटलं तर सुनावणी व्हायच्या आधीच "तू कामाला हात लावू नको" असं सांगू शकते. म्हणजे कोर्टाच्या निकालाची वाट पाहायची गरजच नाही. सहकारात सवय वेगळी, एकाला उचलून बाजूला करण्यापेक्षा अख्खं संचालक मंडळच बरखास्त होते अन प्रशासक बसते, २०११ ला राज्य सहकारी बँकेत झालं तसं. त्यात बरेवाईट सगळे एकाच गाडीत जातात, अन तोवर व्हायचं ते झालेलं असते. २०२२ ला यवतमाळच्या बाबाजी दाते महिला बँकेचं लायसन्स रद्द झालं, पाच लाखापर्यंतच्या ठेवीला विमा आहे म्हणून लहान ठेवीदार वाचले, ज्यांनी रिटायरमेंटचा सगळा पैसा एकाच जागी ठेवला होता त्यायचं काय. अन पतसंस्थेला तं तो विमाही नाही.

अमेरिकेत बँकेच्या माणसावर अप्रामाणिकपणाचा किंवा विश्वासघाताचा मोठा गुन्हा नुसता कोर्टात दाखल झाला तरी नियामक त्याला निलंबित करू शकतो, फक्त ठेवीदाराला किंवा बँकेवरच्या लोकांच्या भरवशाला धोका आहे हे दाखवावं लागते. अन दोषी ठरला तर ठेव विमा महामंडळाच्या लेखी परवानगीशिवाय ठेव-विमा असलेल्या कोणत्याच बँकेत काउंटरवरची नोकरीसुद्धा नाही. ही दोषी ठरल्यावरची बंदी १९५० च्या कायद्यापासून चालू आहे. २०२२ च्या शेवटी त्यांनी जुन्या, बारक्या गुन्ह्यांना सूट दिली, ते मला पटते, पोरवयात केलेल्या बारक्या चोरीसाठी जन्मभर कोणाचं पोट मारू नये.

आता कोणी म्हणेल की आपल्याकडं असं केलं तर विरोधी पॅनलवाले निवडणुकीच्या आधी धडाधड एफआयआर टाकतील. खरं आहे, टाकतीलच, आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत काय काय होते ते मी पाहिलं आहे. म्हणून नुसत्या एफआयआरवर नको. दोषारोपपत्र गेलं पाहिजे, गुन्हा पैशाच्या अफरातफरीचा, फसवणुकीचा किंवा खोट्या कागदपत्राचा पाहिजे, मारामारी-आंदोलनाचा नको, अन बाजूला करायचं ते पोलिसाच्या सांगण्यावरून नाही, नियामकानं स्वतः कागद पाहून. सुटला तर या बापा परत, खुर्ची तुझीच.

आणखी एक भानगड आहे, साहेब गेले की वहिनी येतात. नाहीतर भाऊ, नाहीतर ड्रायव्हर. २०१६ ला राज्य सरकारनं नियम आणला की रिझर्व्ह बँकेमुळं बरखास्त झालेल्या मंडळातल्या संचालकांना दहा वर्षं निवडणूक लढता येणार नाही, तेव्हा लय बोंब झाली होती, पण तो नियम माणसाला लागू, घराला नाही. सह्या वहिनी करतात अन फोन साहेब करतात, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत असते.

आमच्या पतसंस्थेची आमसभा सप्टेंबरात आहे. दरवर्षी अहवाल वाचल्यासारखा करतेत, मागून "मंजूर, मंजूर" होते अन सगळे जेवायला उठतेत. या वेळी मी प्रश्न आधीच लेखी देऊन पोच घेणार आहे: कोणत्या संचालकावर फसवणूक, अफरातफरीचं दोषारोपपत्र आहे, अन त्याच्या घरच्यांच्या नावावर संस्थेचं किती कर्ज आहे. उत्तर आलं तं इथंच टाकतो.