एजिनाचं चांदीचं कासव

जुनी ग्रीक नाणी म्हटलं की सगळे अथेन्सच्या घुबडावर जातात. मला मात्र त्याच्याही आधीचं एजिनाचं कासव जास्त आवडतं. एजिना म्हणजे अथेन्ससमोरचं बेट, गेटवेवरून मांडवा जेवढं लांब त्याच्या साधारण दुप्पट. बेटावर चांदीची खाण नाही, शेतजमीन बेताचीच, मग माणसं जहाजं घेऊन धंद्याला बाहेर पडणारच की! चांदी बाहेरून यायची, बरीचशी सिफ्नोस बेटावरून आली असं मानतात, आणि इ.स.पू. ६व्या शतकाच्या मध्याला यांनी नाणी पाडायला घेतली.

मोठं नाणं म्हणजे स्टेटर, दोन द्राख्मांचा (द्राख्मा म्हणजे ग्रीकांचं नेहमीचं चांदीचं नाणं), वजन बारा ग्रॅमच्या थोडं वर. एकदम जाडजूड. समुद्री कासव, वल्ह्यासारखे पाय पसरलेले, गुळगुळीत पाठीवर मधोमध ठिपक्यांची एकच रांग. मागे चित्रबित्र काही नाही, नुसता ठोकून आत दाबलेला खोलगट चौकोन. कित्येकांवर छिन्नीचा घाव दिसतो, आतून तांबं निघतंय का बघायला कुणीतरी घातलेला, म्हणजे गिऱ्हाईक तेव्हाही तेवढंच संशयी. पण नाणं चाललं, कसलं चाललं! दक्षिण ग्रीसमधल्या, म्हणजे पेलोपोनीजमधल्या कितीतरी शहरांनी वजनाचं माप एजिनाचंच धरलं, इकडे द्राख्मा सहा ग्रॅमचा आणि अथेन्सचा जेमतेम ४.३. इराणात पर्सेपोलिसला पर्शियन सम्राट पहिल्या दारियसच्या महालाच्या पायात पुरलेली नाणी १९३३ मध्ये सापडली, त्यातसुद्धा हे कासव होतं.

पुढे अथेन्सने बेट जिंकलं, इ.स.पू. ४३१ मध्ये सगळ्या एजिनाकरांना हाकलून दिलं, ते परतले ४०४ च्या सुमारास, स्पार्टाने अथेन्सला हरवल्यावर. मधल्या काळात कधीतरी नाण्यावरचं कासवही बदललं, समुद्री जाऊन जमिनीवरचं आलं, पाठीवर नीट चौकटी असलेलं, आपल्या देवळात नंदीपुढे असतं ना साधारण तसलं. समुद्रावरचं राज्य गेलं म्हणून कासव जमिनीवर आलं असं सांगतात, पण मला ही गोष्ट जरा जास्तच जुळवून आणलेली वाटते.

आणि हो, चोर बाजारात कुणी असलं कासव "खानदानी माल आहे साहेब" म्हणत पुढे केलं तर आधी कडेवरून नख फिरवा, ओतीव डुप्लिकेटला बरेचदा तिथे सांधा लागतो. मग वजन करा. नऊ-दहा ग्रॅम भरलं तर भाव करत बसू नका, सरळ निघा.