दिवसभर माश्या मारल्या

आज हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, गुशैनी गावाच्या वरच्या अंगाला, शब्दशः माश्या मारत बसलो होतो. म्हणजे नदीत मासेमारी: गळाला आमिष म्हणून पिसं-दोऱ्याची खोटी माशी, तांदळाच्या दाण्याएवढी. सकाळी पाणी नितळ, तळचा गोटा न् गोटा दिसत होता. पण एप्रिलचं ऊन वरचा बर्फ वितळवतं. दुपारी नदी चढली, गढूळली. वाटाड्या म्हणाला, "साब, अब मक्खी दिखेगी नहीं." मग जड, बुडणारी माशी लावून मोठ्या दगडांमागच्या संथ पाण्यात टाकत राहिलो. एक ब्राउन ट्राउट लागला! वीतभर, लाल ठिपक्यांचा. (इंग्रजांनी आणलेला पाहुणा, आता पक्का हिमाचली.) हात ओले करूनच धरला, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. सोडून दिला.

बायकोचा फोन: "म्हणजे रात्री परत राजमाच?"

हो.